जुन्या गॉगलला नवी काच बसवताना

जुन्या गॉगलची फ्रेम बहुतेक वेळा शाबूत असते, खराब होते ती काच. ओरखडे पडतात, कडेचा टवका उडतो, नाहीतर एक काच कधीच हरवलेली असते. मग त्याच मॉडेलची मूळ काच शोधायची धडपड सुरू होते. पण जुन्या मॉडेलांच्या काचा बनणं बंद झालेलं असतं आणि शोध तिथेच अडतो. माझ्या मते आधी शोधायला हवी ती वक्रता. बाहेरचा आकार चष्मेवाला मशीनवर घासून हवा तसा देऊ शकतो. काचेचा फुगीरपणा मात्र ती घडतानाच ठरतो.

काडीच्या किंवा नाकावरच्या भागाच्या आतल्या बाजूला 52□20 असे आकडे दिसतात. 52 ही काचेची रुंदी, 20 हे दोन काचांमधलं अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये. फुगीरपणाचा उल्लेख त्यात नसतो. तो 'बेस कर्व्ह'मध्ये मोजतात. 530 ला त्या आकड्याने भागलं की वक्रतेची त्रिज्या मिळते. 6 बेसची काच म्हणजे साधारण 88 मिमी त्रिज्येच्या गोलाचा तुकडा. अशी 52 मिमी रुंद काच टेबलावर पालथी ठेवली, तर तिचा मध्य कडांपेक्षा जवळजवळ 4 मिमी वर येतो. 4 बेसची काच जेमतेम 2.6 मिमी. फरक दीड मिलिमीटरही नाही, पण फ्रेमची खाच पहिल्या काचेच्या वळणाने वळलेली असते. तिच्यात चपटी काच दाबून बसवली, की प्लॅस्टिकच्या फ्रेममधून एखादा कोपरा बाहेर निसटतो आणि धातूच्या फ्रेमचा स्क्रू ताण सोसत राहतो. म्हणून जुनी फुटकी काचही टाकून देऊ नये. चष्मेवाल्याकडे तीन टोकांचं, घड्याळासारखी तबकडी असलेलं एक छोटं साधन असतं. ते काचेवर टेकवलं की बेस लगेच वाचता येतो.

दुसऱ्या जुन्या गॉगलची मोठी काच कापून बसवू, असं अनेकांना सुचतं. इथे सांभाळायला हवं. अमेरिकेत 1972 पासून चष्म्याच्या काचांना आघात सोसण्याचा नियम लागू झाला: 16 मिमीचा पोलादी गोळा 127 सेंमीवरून पडला तरी काच फुटता कामा नये. त्यासाठी काच टेम्पर करतात, म्हणजे प्रक्रिया करून मजबूत करतात. तिचा पृष्ठभाग कायम दाबाखाली असतो आणि आतला भाग ताणाखाली. हा तोल कडा घासताना बिघडला, तर काचेचा चुरा होऊ शकतो. काच आधी कापायची आणि मग टेम्पर करायची, हाच क्रम. टेम्पर केलेली काच ओळखायची एक सुंदर युक्ती आहे. कॉम्प्युटरच्या एलसीडी पडद्यावर पांढरं पान उघडा, पोलराइज्ड (चकाकी अडवणारा) गॉगल पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा आणि संशयित काच मध्ये धरा. उष्णतेने टेम्पर केलेल्या काचेत फुलीसारखी काळी-उजळ नक्षी उमटते. रासायनिक पद्धतीने टेम्पर केलेली काच मात्र या युक्तीत सापडत नाही.

सीआर-39 या प्लॅस्टिकची काच त्या मानाने सोयीची. घनता 1.32, म्हणजे खऱ्या काचेच्या जवळपास निम्मी. रंगाच्या गरम द्रावणात बुडवून तिला जुन्या काचेच्या जवळ जाणारी छटा देता येते. पण गडद रंग आणि अतिनील किरणांपासून संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते. काचेने अतिनील किरण अडवले नाहीत, तर ते उलट जास्त आत शिरतात. साधी काचही अतिनील-अ किरणांचा मोठा भाग जाऊ देते. म्हणून 400 नॅनोमीटरपर्यंत संरक्षण आहे का, हे अतिनील किरण मोजणाऱ्या मीटरवर तपासूनच घ्यावं.

काच पोलराइज्ड हवी असेल, तर तिचा अक्षही, म्हणजे ती ज्या दिशेचा प्रकाश आत सोडते ती दिशाही, जपावी लागते. पाण्यावरून किंवा रस्त्यावरून येणारी चकाकी मुख्यतः आडव्या दिशेने ध्रुवित, म्हणजे आडवी कंप पावणारी, असते, म्हणून काचेचा अक्ष उभा हवा. कापताना तो तिरका गेला, तर चकाकी आत झिरपते. काच बसवल्यावर त्याच एलसीडी पडद्यासमोर गॉगल फिरवून पाहा: दोन्ही काचा एकाच वेळी काळ्या झाल्या पाहिजेत.

शेवटी फ्रेमचा स्वभाव. प्लॅस्टिकच्या फ्रेममधलं जुनं सेल्युलोज अ‍ॅसिटेट वर्षानुवर्षं आतला प्लॅस्टिसायझर (त्याला लवचीक ठेवणारं द्रव्य) गमावतं आणि हळूहळू आक्रसतं. त्यामुळे नशिबाने मूळ काच मिळाली, तरी ती आज किंचित मोठी ठरू शकते. जोर करून बसवली, तर फ्रेमच तडकते. माप आजच्या खाचेचं घ्यावं आणि काच फ्रेमला अलगद बसेल एवढीच ठेवावी. काच बसवण्यासाठी फ्रेम गरम करण्याआधी ती कशाची आहे, तेही विचारून घ्यावं. फार जुन्या फ्रेम सेल्युलोज नायट्रेट या प्लॅस्टिकच्या असू शकतात आणि ते झटकन पेट घेतं.