नोल्डेचे रंग आणि १९४१ची बंदी

जर्मन चित्रकार एमिल नोल्डेची लालभडक पॉपीची फुलं सांगली-मिरजेच्या कलाशिक्षकांना नवी नाहीत. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत रंग रेषेबाहेर जाऊ देऊ नका, असं बजावणारेही त्या फुलांपुढे विरघळतात. मात्र ती दाखवताना सोबत सांगितली जाणारी गोष्ट, म्हणजे नाझींनी छळलेल्या आणि चोरून चित्रं काढणाऱ्या म्हाताऱ्या कलावंताची गोष्ट, आता तशीच्या तशी सांगता येत नाही.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये १९०५ साली ‘डी ब्रुके’ हा गट उभा राहिला. हुबेहूब चित्रणाऐवजी भडक रंगांतून भावना मांडणाऱ्या या चित्रकारांत नोल्डेही अल्पकाळ सदस्य होता. आपल्याकडे त्यानंतरही कित्येक वर्षं दबदबा हुबेहूब चित्रणाचाच होता. १९३८ साली औंधला उभ्या राहिलेल्या संग्रहालयातली राजा रविवर्म्यांची ‘सैरंध्री’ पाहून इथल्या पिढ्यांची नजर घडली. मोकळ्या, धगधगत्या रंगांची ओढ मुंबईच्या तरुण चित्रकारांना लागली, त्यात नाझींमुळे देश सोडून आलेल्या कलावंत-संग्राहकांचा मोठा वाटा होता. हे विसरून नोल्डेकडे पाहता येत नाही, कारण तो त्याच नाझी पक्षाचा १९३४पासून सदस्य होता. ज्यूंविषयीचा त्याचा द्वेषही उघड होता.

तरीही १९३७मध्ये नाझींनीच म्युनिकला भरवलेल्या ‘अधःपतित कला’ प्रदर्शनात त्याचा ख्रिस्तजीवनावरचा नऊ चित्रांचा संच टिंगलीसाठी टांगला गेला. जर्मन संग्रहालयांतून त्याच्या हजारावर कलाकृती जप्त झाल्या, इतर कुणाहीपेक्षा जास्त. त्यावर त्याने सत्ताधाऱ्यांना पत्रं लिहिली. त्यांत निषेध नव्हता, निष्ठेची ग्वाही होती.

खरा घोळ १९४१च्या बंदीचा. त्याला कलावंतांच्या सरकारी संघटनेतून काढलं आणि व्यवसाय करण्यास मनाई केली. म्हणजे चित्रं विकायची, मांडायची, छापायची नाहीत. घरात बसून रंगवायला मज्जाव नव्हता. युद्धानंतर मात्र ‘रंगवण्यावरच बंदी’ अशी आख्यायिका रुजली, आणि ती रुजवण्यात त्याचा स्वतःचा हात होता. त्या काळातली तेराशेवर छोटी जलरंगचित्रं ‘न रंगवलेली चित्रं’ म्हणून गाजली. त्यांतली काही तर बंदीच्या आधीची आहेत. युद्धानंतरच्या जर्मनीला निष्कलंक नायक हवा होता, तो असा मिळाला.

ही चित्रं जवळून पाहण्यासारखी आहेत. तळहाताहून थोडा मोठा जपानी कागद, ओला करून त्यावर सोडलेला रंग. लाल जांभळ्यात शिरतो, पिवळा सांगलीच्या हळदीइतका गडद उतरतो. डागातून चेहरा दिसू लागला की शाईची एखादी रेघ. आधी आराखडा नाही. म्हणूनच त्यांतली भीती आणि ओढ थेट भिडते. हे बळ रंगांचं आहे, दंतकथेचं नाही.

२०१९मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनाने कागदपत्रांसह हे सारं मांडलं. त्याच सुमारास तेव्हाच्या जर्मन चॅन्सेलरांच्या दालनातली नोल्डेची दोन चित्रं उतरवली गेली. त्यांतलं एक, १९३६चं उसळत्या लाटांचं, प्रदर्शनासाठी दिलेलं होतं. ते परत मागवलं नाही. त्यावर तिथे बराच वाद झाला. सत्तेच्या खोलीतून ती चित्रं उतरवणं मला योग्य वाटतं, कारण तिथे टांगलेलं चित्र गौरव म्हणूनच पाहिलं जातं. वर्गातून मात्र ती काढू नयेत. पॉपी दाखवाव्यात, मुलांना कागद ओला करून रंग सोडू द्यावा आणि त्याच तासाला १९३४चं सदस्यत्वही सांगावं. आठवी-नववीच्या मुलांना दोन्ही कळतं.