गुन्हेगारी नोंदी (भारत)

भारतात एखाद्याची ‘गुन्हेगारी पार्श्वभूमी’ एकाच दप्तरात सापडत नाही. तक्रार पोलीस ठाण्यात, निकाल न्यायालयात, तर बोटांचे ठसे आणखी तिसरीकडे असतात. यांपैकी काही नोंदी कोणालाही पाहता येतात, तर काही फक्त तपास यंत्रणांसाठी असतात.

दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्याची खबर आली की ठाणे अंमलदार फिर्याद, म्हणजेच एफआयआर, नोंदवतो आणि तिला गुन्हा रजिस्टर नंबर (गु.र.नं.) पडतो. अदखलपात्र बाब ‘एनसी’ म्हणून नोंदली जाते. फिर्यादीला एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर दिलेल्या निकालानुसार एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर यायला हवा. अडचण असेल तिथे ही मुदत ७२ तासांपर्यंत वाढते. लैंगिक अत्याचार, पॉक्सो (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) आणि दहशतवादाच्या प्रकरणांसारखे संवेदनशील गुन्हे यातून वगळले आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारीख निवडून एफआयआर पाहता येतो.

मात्र एफआयआर हा केवळ आरोप असतो आणि पुढे त्याचे काय झाले हे त्याच पानावर कळत नाही. महाराष्ट्रात तपासाअंती दोषारोपपत्र (चार्जशीट) न्यायालयात गेले नाही तर पोलीस न्यायालयाकडे ‘समरी’, म्हणजे तपास बंद करण्याची मंजुरी, मागतात: गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही तर ‘अ’, फिर्याद जाणूनबुजून खोटी दिलेली असेल तर ‘ब’, आणि गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून आलेली असेल तर ‘क’. ‘ब’ समरी मंजूर झाली तरी आरोपीचे नाव एफआयआरमध्ये तसेच राहते. जागा भाड्याने देताना किंवा नोकरीवर घेताना नुसता एफआयआर पाहून ठरवणे म्हणूनच अन्यायाचे ठरते.

दोषारोपपत्र सार्वजनिक दस्तऐवज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. खटल्याची स्थिती आणि निकाल मात्र ई-कोर्ट्स संकेतस्थळावर पक्षकाराचे नाव, एफआयआर क्रमांक किंवा सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र क्रमांक) टाकून शोधता येतात. नामसाधर्म्यामुळे भलत्याच माणसाचा खटला समोर येऊ शकतो, त्यामुळे वडिलांचे नाव, पत्ता आणि गु.र.नं. ताडून पाहावा. निकालाची सही-शिक्क्याची प्रत हवी असल्यास संबंधित न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करावा लागतो.

दुसऱ्याचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र परस्पर मागवता येत नाही. त्यासाठी ज्याचे त्याने अर्ज करायचा असतो. लैंगिक गुन्हेगारांची २०१८ पासूनची राष्ट्रीय सूचीही फक्त तपास यंत्रणांना खुली आहे. निवडणुकीच्या उमेदवारांना मात्र ही आडोशाची सोय नाही: प्रलंबित खटले आणि झालेल्या शिक्षा त्यांना शपथपत्रात लिहाव्या लागतात आणि ते शपथपत्र कोणीही वाचू शकतो.

२०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियमानुसार ठसे, छायाचित्रे इत्यादी मोजमापे ७५ वर्षे जपली जातात. पूर्वी शिक्षा न झालेला आरोपी अंतिमतः निर्दोष सुटला, तर न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसल्यास ती नष्ट करायची असतात.