दुखतं खालच्या दाढेत, कीड वरच्या

"ही बघा, हीच ती. काढून टाका एकदाची. तीन रात्री डोळ्याला डोळा नाय."

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून पहिल्या एसटीने आलेल्या काकू खुर्चीत बसल्या बसल्याच बोटाने खालची डावी दाढ दाखवत होत्या. मी ती दाढ ठोकून पाहिली, हलवून पाहिली, एक्स-रे काढला. दाढ ठणठणीत होती.

मग बर्फ काढला. इंजेक्शनच्या सुईच्या प्लास्टिकच्या टोपणात पाणी भरून आम्ही फ्रीजरमध्ये ठेवतो, त्याची बारीक कांडी तयार होते. ती खालच्या दाढेला लावली. गार लागलं आणि कांडी काढताच थांबलं. निरोगी दाढ असंच उत्तर देते. वरच्या दुसऱ्या दाढेला कांडी टेकवली मात्र, काकूंनी खुर्चीचे हात घट्ट आवळले. कांडी काढल्यावरही कळ मिनिटभर ओसरेना. दोन दाढांच्या फटीतून कीड आत शिरली होती, वरून काहीच दिसत नव्हतं. खात्री करण्यासाठी फक्त वरच्या दाढेपाशी भुलीचं इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांनी काकू खालच्या जबड्यावर हात ठेवून म्हणाल्या, "गेलं की!"

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, ते दाढदुखीत असं अक्षरशः घडतं. चेहऱ्याच्या एका बाजूची जवळजवळ सगळी संवेदना ट्रायजेमिनल नावाची एकच नस मेंदूकडे नेते. तिला तीन शाखा असतात: एक कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. शाखा वेगळ्या असल्या तरी त्यांचे निरोप मेंदूच्या देठात पोचतात तेव्हा बऱ्याचदा एकाच पेशीवर येऊन पडतात. चार घरांची पत्रं एकाच पेटीत पडावीत आणि पाकिटावर घराचा पत्ता नसावा, तसं होतं. मेंदू अंदाज बांधतो आणि तो कधीकधी चुकतो. म्हणून वरची दाढ खाली दुखते, कानात दुखते, कानशिलातही दुखते. पण असं दुखणं सहसा त्याच बाजूला राहतं, मधली रेघ ओलांडत नाही.

दुसरं कारण दातातच आहे. दाताच्या आतल्या मऊ गाभ्याला वेदना कळते, पण नेमकी जागा सांगण्याची सोय तिथे जवळपास नाही. ती सोय मुळाभोवतीच्या तंतूंमध्ये असते. म्हणून सूज गाभ्यात असेपर्यंत माणूस "ही असेल, नाहीतर ती" म्हणतो. जंतुसंसर्ग मुळाच्या टोकाबाहेर आला की तीच दाढ चावताना, बोट लावताना दुखते आणि अचूक सापडते. गाभ्याभोवती चहूबाजूंनी टणक भिंती असतात. सुजायला जागाच नाही, त्यात आडवं पडल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो. दिवसभर सोसवणारा ठणका रात्री का उसळतो, ते यावरून कळेल.

सुपारी फोडून खाणाऱ्यांच्या दाढेला चीर पडते, तिची खूण वेगळी. चावून दात सुटतात त्या क्षणी सळक येते. अशी चीर एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, म्हणून आम्ही एकेका दाढेखाली काडी ठेवून चावायला सांगतो.

सगळ्यात जास्त वाईट मला एका मच्छीमार दादांचं वाटलं. ते आले तेव्हा अर्ध्याच चेहऱ्यावर दाढी वाढलेली. उजव्या गालाला वस्तरा लावायची हिंमतच होत नव्हती. होडीवर वारा गालाला लागला, चूळ भरली, नुसतं बोलले, तरी विजेचा झटका बसावा तशी कळ यायची आणि काही सेकंदांत जायची. त्यापायी त्यांच्या उजवीकडच्या दोन दाढा आधीच काढून झाल्या होत्या. कळ होती तशीच. हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. यात अनेकदा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी नसेच्या मुळावर दाबत असते. दातांचा संबंध नसतो. नेहमीची वेदनाशामकं यावर फारशी चालत नाहीत. चालतं ते कार्बामाझेपिन, मुळात फिट्सवरचं औषध. या दुखण्यावरचा त्याचा गुण 1962पासून माहीत आहे. ते रक्त तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं. महिन्याभराने दादा आले ते दोन्ही गाल गुळगुळीत करून. त्या दोन दाढा मात्र परत येणार नव्हत्या.

सर्दीनंतर वरच्या तीन-चार दाढा एकदम जड वाटत असतील आणि वाकल्यावर दुखणं वाढत असेल, तर सायनसची शंका घ्यावी. सकाळी उठल्यावर जबडा आखडत असेल तर झोपेत दात आवळले जात असतील. आणि पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, चढताना जबडा दुखतो, पायरीवर बसलं की थांबतो, असं असेल तर दाताच्या डॉक्टरकडे नको, आधी हृदयाचा ईसीजी काढा.

दवाखाना गाठेपर्यंत रात्र काढायची तर उशी उंच घ्या. पॅरासिटामॉल चालेल. आयबुप्रोफेन दाढेवर चांगलं लागू पडतं, पण अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या किंवा गरोदरपण असेल तर नको. परसातल्या लवंगेत युजेनॉल असतं, ते नस थोडा वेळ बधिर करतं. तेलाचा एखादा थेंब कापसावर घेऊन किडीच्या खड्ड्यातच ठेवा, हिरडीला लागलं तर भाजतं. अ‍ॅस्पिरिनची गोळी गालात धरू नका, तिनेही भाजतं. मशेरी तर मुळीच नको. दाढदुखीवर मशेरी लावता लावता तिची सवय जडलेल्या कितीतरी बायका मी पाहते, आणि तोंडाचा कर्करोग त्याच वाटेने येतो. नुसत्या गाभ्याच्या ठणक्यावर अँटिबायोटिकचाही उपयोग नाही. तिथे किडलेला गाभा काढून रूट कॅनाल करावं लागतं, काकूंचं केलं तसं.

पण गालाची किंवा हनुवटीखालची सूज झपाट्याने वाढत असेल, ताप असेल, तोंड उघडेनासं झालं असेल, थुंकी गिळता येत नसेल, तर ही सूज श्वासनलिका दाबू शकते. अशा वेळी शेक देत बसू नका, सकाळच्या एसटीची वाटही पाहू नका. 108ला फोन करा आणि रात्रीच मोठ्या रुग्णालयात न्या.