बजेट पास कुणाच्या मतांनी होतं? सोसायटी, अपार्टमेंट आणि त्यामागचा जुना इतिहास

पुण्यातल्या बऱ्याच बिल्डिंगमध्ये वार्षिक मीटिंगला एक वाद हमखास होतो. मेंटेनन्स वाढवायचा विषय निघतो, कुणीतरी म्हणतं हात वर करा, मोजून टाकू, आणि मागून आवाज येतो, "अहो, आपली सोसायटी नाहीये, अपार्टमेंट आहे, हात नाही मोजायचे, टक्के मोजायचे!" मग अर्धा तास त्यातच जातो. चूक कुणाचीच नाही, दोन वेगळ्या घराण्यांतले नियम आपल्याकडे एकाच गल्लीत राहतात एवढंच.

सोसायटीचं घराणं सहकाराचं. 1844 साली इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी दुकान काढलं, शेअर कितीही असोत, माणशी मत एकच हे तत्त्व तिथून रुजलं आणि ते आपल्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्यातही आलं. त्यामुळे सोसायटीत वन आरके असो की पेंटहाऊस, मत एकच.

अपार्टमेंटचं मूळ मात्र पार कॅरिबियन बेटांत सापडतं. क्युबात 1952 ला आणि अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिकोत 1958 ला 'आडव्या मालमत्तेचा' कायदा झाला, म्हणजे जमीन सगळ्यांची मिळून आणि वरचा एकेक फ्लॅट ज्याचा त्याचा. पोर्तो रिकोच्या लोकांनी अमेरिकी सरकारकडे लकडा लावला की असल्या फ्लॅटच्या कर्जालाही सरकारी विमा द्या, तो 1961 च्या हाउसिंग ॲक्टमध्ये मिळाला, आणि मग राज्यांना सोपं जावं म्हणून तिथल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने 1962 ला एक नमुना कायदाच लिहून दिला. आपला 1970 चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा त्याच्या शेजारी ठेवून वाचा, डिक्लेरेशन (कुणाचा हिस्सा किती हे लिहून ठेवलेला बिल्डिंगचा मूळ दस्त), बायलॉज (कारभाराचे नियम), सामाईक जागेतला अविभक्त हिस्सा, सगळं ओळखीचं वाटतं. बहुमताची व्याख्यासुद्धा तीच, डिक्लेरेशनमध्ये नेमून दिलेल्या टक्क्यांप्रमाणे 51 टक्के किंवा जास्त मतं. आता 50.5 टक्के पडले तर काय, तर ते बहुमत नाही, कायदा 51 म्हणतो!

हे टक्के स्क्वेअर फुटावर असतात असं लोक धरून चालतात पण कायद्यात आधार किमतीचा आहे, पूर्ण मालमत्तेच्या किमतीत तुमच्या फ्लॅटची किंमत किती, त्यावर हिस्सा, आणि सामाईक खर्चही त्याच हिश्श्याने. म्हणजे जो जास्त भरतो त्याचं मत जड, हिशोब सरळ आहे, पटो न पटो. आणि एकदा डिक्लेरेशनमध्ये लिहिलेला हिस्सा सगळ्या मालकांच्या संमतीशिवाय बदलता येत नाही, बिल्डरने लिहून ठेवलं ते ठेवलं.

पण खरी गोची मत किती जड यात नसते, लोक येतच नाहीत यात असते. सोसायट्यांसाठी आपण तोडगा काढला तहकूब सभेचा, कोरम म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी दोन तृतीयांश किंवा 20 सभासद, यातलं जे कमी असेल ते, आणि तेवढेही जमले नाहीत तर अर्ध्या तासाने तीच सभा, मग कोरम लागत नाही. 100 सभासदांत 12 आले तर त्यातल्या 7 जणांनी पास होतं. अमेरिकेत कॉन्डोमिनियमसाठी (कॉन्डो, म्हणजे आपल्याकडच्या अपार्टमेंटचाच प्रकार) 1977 चा युनिफॉर्म कॉन्डोमिनियम ॲक्ट हा नमुना कायदा आला, 1980 ला सुधारला, त्यात उलटी खेळी केली. बोर्ड, म्हणजे बिल्डिंगची कमिटी, बजेट ठरवून त्याचा सारांश मालकांना पाठवणार, मीटिंग लावणार, आणि एकूण मालकांच्या बहुमताने ते फेटाळलं नाही तर मंजूर, कोरम असो नसो. सारख्या मतांचे 100 फ्लॅट धरा, 30 जण आले आणि तिसांनीही नाही म्हटलं तरी बजेट पास, कारण फेटाळायला 51 लागतात. घरी झोपलेले 70 जण 'हो'च्या बाजूला. मौनं संमतिलक्षणम् इतकं शब्दशः क्वचितच कुणी घेतलं असेल. फेटाळलं गेलंच तर मागचं मंजूर बजेट चालू, कारण लिफ्टचं बिल आणि विम्याचा हप्ता काही मतदानासाठी थांबत नाही. हा नमुना होता, सगळ्या राज्यांनी तो घेतला नाही.

फ्लोरिडाने वेगळंच ठेवलं होतं, तिथे मालक बहुमताने मोठ्या दुरुस्तीची राखीव रक्कम कमी करू शकत, अगदी शून्यसुद्धा, आणि स्वस्त मेंटेनन्सला मत कोण नाही देणार. 24 जून 2021 ला मायामीजवळ सर्फसाइडमध्ये चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही 12 मजली बिल्डिंग कोसळली, 98 माणसं गेली, तेव्हा मोठ्या दुरुस्तीचा विषय तिथे चालूच होता आणि राखीव फंड अगदीच तुटपुंजा होता. 2022 च्या कायद्याने तीन आणि जास्त मजल्यांच्या कॉन्डोंपुरता, छप्पर, खांब, वॉटरप्रूफिंग अशा गोष्टींच्या फंडाला नाही म्हणायचा हा मताचा हक्कच काढून घेतला.