शेजारच्या टेबलाचा पगार

पगार कालही तेवढाच होता, आजही तेवढाच आहे. मध्ये एवढंच झालं, की आपल्याच टीममध्ये आपलंच काम करणाऱ्या सहकाऱ्याचं पॅकेज बरंच जास्त असल्याचं कळलं. खात्यातला एक रुपयाही कमी झालेला नाही, तरी दुसऱ्या दिवशी कामावर जायला पाय उचलत नाही. घरचे म्हणतात, ‘दुसऱ्याच्या ताटात कशाला बघतोस?’ या सल्ल्यानं कुणाचं समाधान होत नाही. ही चडफड म्हणजे निव्वळ मत्सर नव्हे, हे आता प्रयोगांतूनही दिसलंय.

सगळ्यात बोलका प्रयोग आपल्याच देशातला, ओडिशातला. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी या अर्थशास्त्रज्ञांनी 378 मजुरांना महिनाभर रोजंदारीवर घेतलं. दोर वळणं, झाडू बांधणं अशी हातकामं. तिघांचा एक गट, गटातल्या तिघांनाही एकच काम. काही गटांत सगळ्यांना सारखी मजुरी. काहींत सुरुवातीला मोजलेल्या कामाच्या वेगानुसार कमी-जास्त. कोणता गट कुठल्या प्रकारात जाणार हे नशिबावर सोडलेलं. त्यामुळे हातात तेवढेच पैसे पडणाऱ्या दोन मजुरांची तुलना करता आली: एकाच्या शेजाऱ्यांना तेवढीच मजुरी, दुसऱ्याच्या शेजाऱ्यांना जास्त.

शेजाऱ्यांपेक्षा कमी मिळणाऱ्यांचं काम घटलंच, पण त्यांची हजेरीही 18 टक्के बिंदूंनी, म्हणजे शंभर दिवसांमागे अठरा दिवसांनी, खाली आली. हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. रोजंदारीत खाडा केला की त्या दिवसाचे पैसे बुडतात. म्हणजे ज्यांना एकेक दिवसाची मजुरी मोलाची, तीच माणसं पदरचं नुकसान सोसून त्या जागी जायचं टाळत होती. दिवस गेले तशी सवय होईल असं वाटेल, पण पुढच्या आठवड्यांत परिणाम आणखी वाढला. गटातला एकोपाही बिघडला. सगळ्यांच्याच फायद्याचं काम मिळून करतानाही हे गट मागे पडले.

पण जिथे जास्त मजुरी घेणारा खरोखरच जास्त काम करतो हे बाकीच्यांना उघड दिसत होतं, तिथे फरकाचा असा परिणाम आढळला नाही. हजेरी टिकली, कामही टिकलं. मला या प्रयोगातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. खटकतो तो कारण न कळणारा फरक.

आग्नेय आशियातल्या एका मोठ्या बँकेतल्या अभ्यासातही याच्याशी जुळणारं काही सापडलं. आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा वरिष्ठांचा पगार जास्त आहे हे कळल्यावर कर्मचारी सरासरीनं अधिक काम करू लागले. बरोबरीच्यांचा पगार जास्त निघाला, तेव्हा मात्र त्यांचं काम कमी झालं. साहेबाचा पगार ही उद्या आपल्यालाही मिळू शकणारी गोष्ट. शेजाऱ्याचा पगार हा आज आपली किंमत काय ठरली याचा निकाल.

झाडू मोजता येतात. कोडिंग, हिशेब, शिकवणं हे तसं मोजता येत नाही, आणि बहुतेक कार्यालयांत पगार गुप्त ठेवायचा दंडक असतो. बाहेरून आलेला माणूस हातात दुसरी ऑफर घेऊन घासाघीस करतो, म्हणून त्याला जास्त मिळतं. अनेक वर्षं तिथेच टिकलेल्याची वाढ अप्रेझलच्या टक्क्यांतच अडकते. या फरकाला बाजारभावाचं कारण असतं, पण ते त्या जुन्या माणसाला समोर बसवून कुणी सांगत नाही. मग तो स्वतःच कारण शोधतो, आणि सापडतं ते बहुधा ‘आपली इथे किंमत नाही’ हेच.

युरोपीय संघानं 2023 मध्ये काढलेल्या निर्देशानुसार कर्मचाऱ्याला समान कामासाठी स्त्रियांना आणि पुरुषांना सरासरी किती पगार मिळतो, हे मालकाकडे लेखी मागता आलं पाहिजे. आपल्याकडे आधीचा 1976 चा समान वेतन कायदा आणि आता त्याच्या जागी आलेली 2019 ची वेतन संहिता, दोन्हींचा रोख स्त्री-पुरुष भेदभावावर आहे. शेजारी बसणाऱ्या दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या पगारातला फरक त्यात बसत नाही. तिथे कारण विचारायचं तर साहेबाच्या केबिनचं दारच ठोठावावं लागतं.