फायबर पाटा (तंतुप्रबलित प्लास्टिकची स्प्रिंग)

गाडीच्या सस्पेन्शनमध्ये पोलादाऐवजी रेझिनमध्ये (धागे चिकटवून धरणारं, घट्ट होणारं प्लास्टिक) बसवलेल्या काचेच्या धाग्यांची जी स्प्रिंग असते तिला बोलताना फायबर पाटा किंवा फायबर स्प्रिंग म्हणतात. पुस्तकी मराठीत तंतुप्रबलित प्लास्टिक स्प्रिंग, संमिश्र स्प्रिंग अशी नावं दिसतात. यात सपाट पाटाही येतो आणि वेटोळ्याची कॉइल पण येते, तरी या नोंदीत जास्त जागा पाट्याला दिलीय कारण प्रत्यक्ष गाड्यांमध्ये जास्त वर्षं तोच चाललाय. पाटा म्हणजे चाकाला बसलेला धक्का वाकून झेलणारी लांब पट्टी.

प्लास्टिक हलकं म्हणून स्प्रिंग हलकी असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते अर्धंच खरं आहे. स्प्रिंगचं काम ऊर्जा साठवून परत देणं, आणि एक किलो मालात किती ऊर्जा मावेल हे ताणाच्या वर्गाला यंग गुणांक (मालाच्या ताठरपणाचं माप) आणि घनता यांच्या गुणाकाराच्या दुपटीनं भागून निघतं. म्हणजे ताठरपणा जितका कमी तितकं चांगलं, आणि इथंच पोलाद मागं पडतं. पोलादाचा यंग गुणांक २०६ गिगापास्कलच्या आसपास, आणि सगळे धागे एकाच दिशेनं असलेल्या काच-इपॉक्सीचा (इपॉक्सी हे एक रेझिन) ४० ते ४५, म्हणजे जवळजवळ पाचपट फरक, घनतेत पोलाद घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम आणि हा माल २ च्या जरा आत, म्हणजे चौपट. दोन्ही गुणले की सारख्याच ताणाला किलोमागे साधारण वीसपट ऊर्जा येते. सारखा ताण कोणी देत नाही ते खरंच, लाखो वेळा वाकायचं म्हटल्यावर थकव्याचा विचार करून काचेच्या पाट्याला पोलादाच्या निम्माच ताण दिला तरी वर्गामुळं हिशोब चौथा हिस्सा होतो आणि पाचपट फायदा उरतोच. म्हणून कार्बन फायबर महाग असूनही इथं काचेपेक्षा चांगलं ठरत नाही, त्याचा ताठरपणा काचेच्या तिप्पट आहे, आणि विमानाच्या पंखात जो गुण तो स्प्रिंगमध्ये अडचण होतो. शिवाय कार्बन पोलादाला टेकला आणि पाणी लागलं की पोलाद गंजतं ते वेगळंच.

पहिला फायबर पाटा कोणाचा यावर एकमत नाही, आणि ते बरचसं 'पहिला' कशाला म्हणायचं यावर अवलंबून आहे. वाकवून ऊर्जा साठवायची आणि त्यासाठी तंतूंचे थर एकावर एक चिकटवायचे ही कल्पना खूप जुनी आहे, मध्य आशियातल्या शिंग, लाकूड आणि स्नायूतंतू चिकटवून केलेल्या धनुष्यात ताणाच्या बाजूला स्नायू आणि दाबाच्या बाजूला शिंग असायचं, ही रचना आजच्या अभियंत्यालाही पटेल अशीच आहे. काचेचा धागा १९३० च्या दशकात कारखान्यात निघायला लागला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या मासेमारीच्या काठ्या, धनुष्यं, बांबूउडीच्या काठ्या झाल्या. गाडीकडे लोक जोरात वळले ते १९७३ च्या तेलटंचाईनंतर, वजन कमी करायची निकड तेव्हाची. प्रयोगातले आणि शर्यतीतले नमुने मोजले तर तारीख मागं जाते, पण विकायच्या गाडीत मालिकेनं बसवलेला पाटा हा निकष लावला तर १९८१ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटचं नाव बहुतेक ठिकाणी पहिलं येतं, आणि इथं तोच निकष धरलाय.

या गाडीत मागं आडवा पोलादी पाटा १९६३ पासूनच होता. त्याच्या नऊ-दहा पातींच्या गठ्ठ्याचं वजन १८ ते २० किलो असं वेगवेगळं दिलेलं मिळतं, त्याजागी एकच फायबरचं पातं आलं ते ४ किलोच्या आत. सुरुवातीला ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाड्यांनाच दिलं. १९८४ च्या नव्या पिढीत पुढंही फायबर पाटा आला आणि ही पद्धत २०१९ पर्यंत चालली, पुढच्या वर्षी इंजिन गाडीच्या मध्यात गेलं आणि कॉइल आल्या. पाटा आहे म्हणून तंत्र जुनाट असं या गाडीबद्दल वर्षानुवर्षं बोललं गेलं, ते साफ चुकीचं आहे. ट्रकचा उभा पाटा अॅक्सल जागेवर धरण्याचंही काम करतो, इथं चाक धरायला वेगळे आर्म आहेत आणि पाटा फक्त स्प्रिंग आहे. उलट त्यात एक सुंदर गोष्ट साधलीय: पाटा मध्ये एकाच जागी घट्ट न आवळता दोन वेगळ्या जागी धरला की दोन्ही चाकं एकदम वर गेली तर मधला भाग एका बाजूला कमानीसारखा वाकतो, पण वळणावर एक चाक वर आणि दुसरं खाली झालं की पाट्याला नागमोडी आकार घ्यावा लागतो आणि तो जास्त ताठ होतो. म्हणजे अँटी-रोल बारचं (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) थोडं काम पाटाच करतो आणि बार बारीक ठेवता येतो.

पुढच्या काळातली उदाहरणं थोडक्यात. मर्सिडीज स्प्रिंटरच्या २००६ च्या पिढीत पुढं आडवा फायबर पाटा आला. २०१४ मध्ये दाखवलेल्या व्होल्वो एक्ससी९० मध्ये मागं आडवा पाटा आहे, त्याचं रेझिन इपॉक्सी नसून पॉलियुरेथेन आहे, कॉइलच्या तुलनेत सुमारे साडेचार किलो वाचले आणि डिकीची जागा वाढली. त्याच वर्षी ऑडीनं इटलीच्या सोजेफी कंपनीबरोबर केलेली फायबर कॉइल जाहीर केली, २.७ किलोच्या जागी १.६ किलो. कॉइल वाकत नाही, तिची तार पिळली जाते, म्हणून तिथं धागे सरळ घालून उपयोग नाही, गाभ्यावर आलटून पालटून उणे आणि अधिक ४५ अंशात गुंडाळावे लागतात. एका दिशेचे धागे पिळाच्या ताणात आणि दुसरे दाबात जातात.

पाट्याची खरी डोकेदुखी टोकांना आहे. पोलादी पाट्याचं टोक तापवून वळवलं की डोळा (बोल्ट जायची गोल कडी) तयार होतो, त्यात बुश (आतली नळी) ठोकला की झालं, पण फायबरला भोक पाडलं की धागे कापले जातात, आणि थरांना एकमेकांवरून सरकवणाऱ्या ताणाला हा माल मुळातच कमजोर, तिथून थर सुटायला लागतात. म्हणून मधला सेंटर बोल्ट टाळतात, पाटा रबर किंवा प्लास्टिकच्या गादीत धरतात, टोकाला पोलादी डोळा वेगळा जोडतात, नाहीतर आडव्या पाट्यासारखं टोक नुसतं टेकवून ठेवतात. आकारही यातूनच ठरतो: मध्ये जाड आणि अरुंद, टोकाकडे पातळ आणि रुंद, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ सगळीकडे सारखं राहतं आणि प्रत्येक धागा न तुटता या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. बनवायला धागे साच्यावर गुंडाळून दाबतात, किंवा रेझिन लावलेल्या पट्ट्या रचून तापवतात, किंवा कोरडे धागे बंद साच्यात ठेवून दाबानं रेझिन सोडतात. मोठ्या संख्येला शेवटची पद्धत परवडते.

थकलेला फायबर पाटा सहसा एकदम कडकन तुटत नाही, आधी पृष्ठावर धागे उचलले जातात, थर सुटतात, गाडी एका बाजूला बसायला लागते, म्हणजे सूचना मिळते. गंज नाही, पातींचं घासणं नाही म्हणून कुरकुर नाही, मात्र पातींच्या घर्षणातून मिळणारं डॅम्पिंगही (हेलकावे जिरवणं) गेलं आणि तो भार शॉक अॅब्सॉर्बरवर आला. खडीचा मार आणि ऊन यापासून रंगाचा किंवा रबराचा थर वाचवतो. एक धोका मात्र कमी लिहिला जातो आणि तो गंभीर आहे, सौम्य आम्लाचा. बॅटरीचं पाणी ताणाखालच्या नेहमीच्या ई-काचेवर झिरपलं की काचेतला कॅल्शियम आणि अॅल्युमिनियम निघून जातो, धाग्याची साल आकसते आणि त्याला आडव्या चिरा जातात, तेव्हा पाटा नेहमीसारखी सूचना न देता स्वच्छ तुटू शकतो. बोरॉन नसलेली आम्लरोधक काच वापरली तर हा त्रास बराच कमी होतो.

चिरलेला पाटा दुरुस्त करत नाहीत, बदलतात. इपॉक्सी एकदा पक्कं झालं की परत वितळत नाही, त्यामुळं जुने पाटे दळून भराव म्हणून वापरणं किंवा सिमेंटच्या भट्टीत जाळणं हेच मार्ग जास्त चालतात. वितळणाऱ्या प्लास्टिकमध्ये धागे बसवले तर हा प्रश्न सुटेल, पण ते प्लास्टिक सततच्या भाराखाली आणि उष्णतेत हळूहळू कायमचं वाकत जातं आणि गाडीची उंची कमी होते.