रिफ्लेक्सॉलॉजी आणि काशाची वाटी

तळपाय, तळहात किंवा कानाच्या ठरावीक जागी दाब दिला की शरीराच्या दुसऱ्याच भागातला त्रास कमी होतो, असे मानणारी पूरक उपचारपद्धती म्हणजे रिफ्लेक्सॉलॉजी. तळपाय हा सबंध देहाचा नकाशा, ही तिची मूळ कल्पना. अंगठा म्हणजे डोके, बोटांखालचा उंचवटा म्हणजे छाती, मधल्या खोलगट जागेत पोट आणि मूत्रपिंडे, टाचेत कटिभाग. यकृत उजव्या पायावर, हृदय डाव्या.

मराठवाड्यात हा शब्द नवा असला तरी तळपाय घासणे घरोघरचे आहे. उन्हाळ्यात डोळ्यांची आग होऊ लागली, झोप येईनाशी झाली, की 'उष्णता झाली' म्हणतात आणि रात्री पायाला तूप, खोबरेल नाहीतर करडईचे तेल लावून काशाची वाटी गोल गोल फिरवतात. करडई हे या भागातले रब्बीचे जुने तेलबी. घासता घासता तळवा काळपट होतो आणि अंगातली उष्णता निघाली असे समजतात. हा काळेपणा अंगातून येत नाही. कासे हा तांबे आणि कथिलाचा मिश्रधातू. घर्षणाने सुटलेले त्याचे सूक्ष्म कण तेल-घामात मिसळून तो रंग येतो. झोप मात्र खरीच लागते. दिवसभर रानात राबलेल्या पायांना तेल, ऊब आणि घरातल्या माणसाचा हात मिळाला, तर ती का लागू नये? आषाढीला पैठणहून निघणाऱ्या नाथांच्या पालखीत चालून आलेल्या वारकऱ्यांचे पाय चोळून देतात, त्यामागचा अनुभवही हाच.

या चालीला आयुर्वेदात पादाभ्यंग म्हणतात. रोज अभ्यंग करावा आणि डोके, कान व पाय यांवर तो विशेष करावा, असे वाग्भटाने अष्टांगहृदयात सांगितले आहे. पायाच्या कोणत्या बिंदूत कोणता अवयव, हा आजच्या तक्त्यांवरचा नकाशा मात्र त्या उपदेशात नाही. म्हणून रिफ्लेक्सॉलॉजीला 'प्राचीन भारतीय शास्त्र' म्हणणे बरोबर नाही.

तो नकाशा अमेरिकेतला. कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झगेराल्ड यांनी शरीराचे 10 उभे पट्टे कल्पिले आणि 1917 मध्ये त्यावर सहलेखकासह पुस्तक काढले. वेदना बधिर करण्यासाठी ते बोटांना रबरबँड आणि चिमटे लावत. पुढे 1930 च्या दशकात युनिस इंगहॅम यांनी सारे लक्ष पायांवर आणून बिंदूंचे तपशीलवार तक्ते केले. वेगवेगळ्या लेखकांचे तक्ते आजही एकमेकांशी पुरते जुळत नाहीत, आणि बिंदू व अवयव यांना जोडणारा मार्ग शरीररचनाशास्त्रात सापडलेला नाही.

पूरक उपचारांचे संशोधक एड्झार्ड अर्न्स्ट यांनी 2009 मध्ये 18 यादृच्छिक चाचण्यांचा (म्हणजे कोणाला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणाऱ्या चाचण्यांचा) आढावा घेतला. कोणत्याही आजारावर ही पद्धत परिणामकारक असल्याचा खात्रीलायक पुरावा त्यांना मिळाला नाही. ताण हलका होणे, बरे वाटणे असे फायदे काही अभ्यासांत दिसतात. पण ते नकाशातल्या बिंदूंमुळे की नुसत्या पाय चोळण्यामुळे, हे वेगळे काढणे अवघड जाते.

पूरक आणि पर्यायी यांतला फरक इथे कळीचा आहे. डॉक्टरांचे औषध चालू ठेवून मनाला व शरीराला विसावा म्हणून घेतला तो पूरक उपचार. औषध सोडून घेतला तो पर्यायी. समग्र उपचारांत माणसाची झोप, आहार, मन यांचा एकत्र विचार होतो आणि त्यात पाय चोळण्याला रास्त जागा आहे. रोगनिदानाला ती नाही: तळव्याचा एखादा बिंदू दुखला म्हणून मूत्रपिंड बिघडले, असे ठरत नाही. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाकडे आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा (तिबेटी वैद्यक) आणि होमिओपॅथी आहेत. रिफ्लेक्सॉलॉजी त्यांत स्वतंत्र पद्धती म्हणून नाही.

जुना मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावे. त्यांच्या तळव्याची संवेदना कमी झालेली असू शकते. दाब जास्त झाला, कातडी सोलवटली, तरी कळत नाही. पायात रक्ताची गुठळी, अस्थिभंग, सूज किंवा उघडी जखम असेल तर दाब देऊच नये. तुरी-कापसाच्या धसकटांतून अनवाणी चालणाऱ्याच्या पायात काटा मोडून राहिलेला असतो, टाचेच्या भेगा चिघळलेल्या असतात. म्हणून तेलाची वाटी घेण्याआधी दोन्ही तळवे उजेडात, बोटांच्या बेचक्यांसकट पाहून घ्यावेत.